आर्क्टिकचं गूज

मराठीत 'गूज' म्हणजे मनातली गोष्ट, गुपित. इंग्रजीत 'गूज' म्हणजे हंसाच्या कुळातला एक जाडजूड आणि प्रचंड गोंगाट करणारा पक्षी. माझी शाळा पहिलीपासून कॉन्व्हेंट, त्यामुळे दुसरा अर्थ मला नर्सरीतच कळला आणि पहिला खूप नंतर, आजीच्या बोलण्यातून. (मराठी विभागाच्या संपादकांनी इथे हसायला हरकत नाही.) पण आर्क्टिक प्रदेशात घरटी करणाऱ्या गूज पक्ष्यांना हे दोन्ही अर्थ एकदम लागू पडतात. कारण हा पक्षी अंडी घालतो तरी कुठे, हेच युरोपातल्या लोकांना शेकडो वर्षं गुपित होतं.

हिवाळ्यात ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यांवर काळ्या-पांढऱ्या बार्नॅकल गूजचे थवे उतरायचे आणि वसंतात गायब व्हायचे. घरटं नाही, अंडं नाही, पिल्लू नाही. मग लोकांनी आपलं आपणच उत्तर शोधलं. समुद्रातून वाहून आलेल्या ओंडक्यांना शिंपल्यासारखे बार्नॅकल चिकटलेले असतात ना, त्यातूनच म्हणे हे पक्षी तयार होऊन बाहेर पडतात! बाराव्या शतकात जेराल्ड ऑफ वेल्स नावाच्या धर्मगुरूने हे चक्क पुस्तकात लिहून ठेवलं. आणि पक्षी मांसातून जन्मलेलाच नाही म्हटल्यावर उपवासाच्या दिवशी तो खायलाही मोकळीक! (उपवासाला साबुदाणा कसा चालतो, हा प्रश्न मी इथे काढत नाही.) पुढे १५९६ मध्ये विल्यम बॅरेंट्सचे डच खलाशी उत्तरेला स्पिट्सबर्गेनपर्यंत पोचले, तेव्हा तिथे त्यांना याच कुळातले ब्रेंट गूज अंड्यांवर बसलेले दिसले. ओंडक्यांची भानगड तिथे संपायला हवी होती, पण अशा गोष्टी इतक्या लवकर मरत नाहीत.

उत्तर अमेरिकेत तर हा प्रकार विसाव्या शतकापर्यंत चालला. तिथल्या 'ब्लू गूज'चं घरटं कुठे असतं हे शोधायला ड्युई सोपर नावाच्या कॅनेडियन निसर्गशास्त्रज्ञाने सहा वर्षं घालवली आणि १९२९ मध्ये बॅफिन बेटावर त्याला ती जागा सापडली. तिथल्या इनुइट लोकांना ती अर्थातच आधीपासून माहीत होती. त्यांच्यातल्याच एकाने त्याला नकाशा काढून दिला होता. शोध मात्र सोपरच्या नावावर. असो.

आता तुम्ही म्हणाल, इंजिनिअरिंग कॉलेजच्या अंकात हे पक्षीपुराण कशाला? सांगते. तिसऱ्या वर्षाच्या सेमिनारसाठी मी 'फीडबॅक' हा विषय शोधत होते. कंट्रोल सिस्टिम्सच्या पुस्तकातली तीच ती उदाहरणं, गीझरचा थर्मोस्टॅट आणि टाकीतला फ्लोट, यांचा कंटाळा आला होता. शोधता शोधता कॅनडातल्या स्नो गूजबद्दलचे पेपर हाती लागले. आमच्या गाइडना विषय दाखवला, तर ते म्हणाले, "छान आहे, पण आपल्या ब्रँचचा नाही." माझं म्हणणं उलट आहे. हा विषय शंभर टक्के आपल्या ब्रँचचा आहे, सगळ्याच ब्रँचेसचा आहे. या पक्ष्यांवर गेली पंचवीस वर्षं 'तुम्ही फार झालात, तुम्ही टुंड्राची नासधूस करता' असा आरोप आहे आणि ते आरोपपत्र चुकीच्या नावाने काढलं आहे, असं मला वाटतं. त्या नावाच्या जागी कुणाचं नाव हवं होतं, ते पुढे येईलच.

आधी आरोपीची ओळख करून देते.

स्नो गूज हा पांढरा पक्षी, पंखांची टोकं काळी. त्यातलेच काही करड्या-निळसर रंगाचे असतात, तेच सोपरचे 'ब्लू गूज'. हे दोन वेगळे पक्षी नाहीत, एकाच जातीचे दोन रंग आहेत, हे नंतर कळलं. हडसन उपसागराच्या काठावर, चर्चिल गावाच्या पूर्वेला ला पेरूझ बे नावाची जागा आहे. तिथे १९६८ पासून फ्रेड कुक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या पक्ष्यांच्या पायात कड्या घालून दरवर्षी घरटी मोजायला सुरुवात केली. एकाच वसाहतीचा पिढ्यान् पिढ्या असा हिशोब ठेवणं हे फार थोड्या जंगली पक्ष्यांच्या वाट्याला आलं आहे. पिल्लं मोठी होईपर्यंत मोठ्या पक्ष्यांची उडण्याची पिसं गळून नवी येत असतात. त्या तीन-चार आठवड्यांत त्यांना उडताच येत नाही. मग माणसं त्यांना मेंढरांसारखी हाकत जाळीच्या कोंडवाड्यात नेतात आणि कड्या घालून सोडून देतात.

यातून काय काय कळलं! मादी जिथे जन्मली, साधारण तिथेच अंडी घालायला परत येते. जोड्या मात्र जुळतात हिवाळ्यात, हजारो किलोमीटर दक्षिणेला, जिथे सगळ्या वसाहतींचे पक्षी एकत्र असतात. मग वसंतात नर निमूटपणे बायकोच्या माहेरी जातो. थोडक्यात सगळे नर घरजावई! (लेडीज होस्टेलमध्ये ही माहिती फार लोकप्रिय झाली आहे.) शिवाय पिल्लू ज्या रंगाच्या आईबापांत वाढतं, त्याच रंगाचा जोडीदार शोधतं. स्थळं बघण्याचा प्रकार तिथेही आहे म्हणायचा.

घरटं म्हणजे जमिनीवर गवत आणि छातीची मऊ पिसं घातलेला एक खळगा. अंडी साधारण तीन ते पाच. मादी तेवीस-चोवीस दिवस जवळपास अखंड बसून असते, नर बाजूला पहारा देतो. या काळात तिचं खाणं अगदी नावापुरतं, दक्षिणेतून येताना अंगावर साठवून आणलेल्या चरबीवर ती दिवस काढते. काही माद्या घरट्यावर बसल्या बसल्या उपासमारीने मेलेल्या सापडल्या आहेत. म्हणजे आर्क्टिकमध्ये किती पिल्लं निघणार, हे बरंचसं आर्क्टिकमध्ये ठरतच नाही. आई वाटेत काय आणि किती खाऊन आली, त्यावर ते ठरतं. हे वाक्य लक्षात ठेवा, सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

पूर्वी हे पक्षी हिवाळा टेक्सास आणि लुइझियानाच्या समुद्रकाठच्या दलदलीत काढायचे. चोच मजबूत, चिखल उकरून मुळं आणि कंद ओढून काढायला बनलेली. दलदलीचा पट्टा अरुंद, त्यात जेवढं मावेल तेवढंच खाणं, आणि खाण्याइतकेच पक्षी. हा झाला तुमचा निगेटिव्ह फीडबॅक. मग दलदलीला लागून भातशेती आली. उत्तरेकडच्या वाटेवर मका आणि गहू आले. दुसऱ्या महायुद्धात स्फोटकांसाठी अमोनियम नायट्रेट बनवणारे अमेरिकेतले कारखाने युद्धानंतर खताकडे वळले. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करण्याची हेबर-बॉश पद्धत १९१३ पासूनच कारखान्यात आली होती, आता ती शेताशेतात पोचली. पीक वाढलं, कंबाइन हार्वेस्टरच्या मागे सांडणारं धान्यही वाढलं. शिवाय पक्ष्यांसाठी राखीव अभयारण्यं झाली. म्हणजे मेस चोवीस तास चालू, अनलिमिटेड थाळी, आणि वर वॉर्डनचं संरक्षण!

आपल्यापैकी कुणीही काय केलं असतं? तेच त्यांनी केलं. दलदल सोडून शेतात उतरले. ला पेरूझ बेमध्ये १९६८ साली सुमारे दोन हजार जोड्या होत्या, १९९० पर्यंत त्या वीस हजारांच्या वर गेल्या. आणि ही एकच वसाहत. खंडाच्या मधल्या भागातून जाणारे सगळे मिळून हे पक्षी लाखांतून कित्येक दशलक्षांत गेले.

आता खरी इंजिनिअरिंगची गंमत. (गंमत म्हणू नये खरं तर.)

सुरुवातीला रॉबर्ट जेफरीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं दिसलं होतं, की गूज चरतात तिथलं गवत जास्त जोमाने वाढतं. टुंड्रात नायट्रोजन दुर्मीळ, आणि पक्ष्यांची विष्ठा म्हणजे आयतं खत. चरा, खत द्या, गवत वाढेल, पुन्हा चरा. पुस्तकात छापावं असं देखणं चक्र. पण हे एका संख्येपर्यंतच. त्यापुढे पक्षी पाती खाऊन थांबत नाहीत. बर्फ नुकतं वितळतंय, हिरवं काही उगवलेलं नाही, अशा वेळी ते आपली जुनी विद्या काढतात आणि जमीन उकरून मुळंच खातात. गवताचं पांघरूण गेलं की ऊन थेट चिखलावर पडतं, बाष्पीभवन वाढतं. तिथली जमीन एके काळी समुद्राखाली होती. हिमयुगातलं बर्फाचं ओझं उतरल्यामुळे ती अजूनही वर उठते आहे, वर्षाला साधारण एक सेंटिमीटर. त्यामुळे खालच्या थरात मीठ भरलेलं. पाणी उडून जातं, मीठ वर येतं, आणि मातीतलं पाणी समुद्राहूनही खारट होतं. त्यात नवीन गवत रुजत नाही. कडेची विलोची झुडपंही वाळतात. उरलेल्या गवतावर तेवढेच पक्षी, म्हणून ते आणखी उकरतात. पॉझिटिव्ह फीडबॅक, आणि तोही न थांबणारा.

सांगली-कोल्हापूरकडच्या मित्रांना हे वेगळं समजवायला नको. उसाला पाट भरभरून पाणी दिल्यावर मीठ वर येऊन पांढरी पडलेली क्षारपड जमीन त्यांनी पाहिली आहे. कारण वेगळं, पण मीठ वर चढण्याची रीत तीच.

संशोधकांनी काही ठिकाणी जाळीची छोटी कुंपणं घातली. काही वर्षांनी काढलेले त्यांचे फोटो बघण्यासारखे आहेत. कुंपणाच्या आत हिरवा चौकोन, बाहेर नजर पोचेल तिथपर्यंत राखाडी चिखल. १९९७ मध्ये तज्ज्ञांचा एक मोठा अहवाल आला. हडसन उपसागराच्या काठच्या या खाऱ्या दलदलीचा सुमारे एक तृतीयांश भाग नष्ट झाल्यात जमा आहे आणि उरलेलाही बिघडलेला किंवा अति चरलेला आहे, असं त्यात म्हटलं होतं. आणि पक्षी गेले तरी चिखल लगेच हिरवा होत नाही. आपल्या भाषेत हिस्टेरिसिस. ज्या वाटेने गेलात त्या वाटेने परत येता येत नाही.

उपाय म्हणून अमेरिकेने १९९९ मध्ये शिकारीचे नियम सैल केले. १९१६ च्या पक्षी-कराराने वसंतातली शिकार बंद केली होती, ती या पक्ष्यांपुरती उघडली. रोजची मर्यादा काढली, बंदुकीत जास्त काडतुसं भरायला परवानगी दिली, पक्ष्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवून त्यांना बोलवायलाही परवानगी दिली. हेतू असा की मोठे पक्षी मारले की संख्या उतरेल.

झालं काय? शिकार वाढली, पण पक्षी त्याहून वेगाने वाढत राहिले. कड्यांच्या हिशोबावरून असं दिसलं, की मोठ्या पक्ष्यांच्या जगण्याच्या प्रमाणात अपेक्षेसारखा फरकच पडला नाही. बंदुका तेवढ्याच, पक्षी मात्र वाढतच गेलेले. मग २०१० नंतर ही संख्या उतरायला लागली, पण बंदुकीमुळे नाही. पिल्लंच कमी निघू लागली. ला पेरूझ बेमध्ये याची चाहूल फार आधी लागली होती. उजाड जागी वाढलेली पिल्लं आधीच्या पिढ्यांपेक्षा लहान आणि हलकी भरत होती, आणि पालक त्यांना घेऊन चालत दूरदूरच्या ताज्या गवताकडे जाऊ लागले होते.

माझी रूममेट नागपूरची, मेकॅनिकलची, आणि वाद घालण्यात युनिव्हर्सिटी लेव्हलची. ती म्हणते, "अगं, मग काय करायचं होतं? टुंड्रा संपू द्यायची? त्या चिखलावर बाकीचे पक्षी पण राहत होते ना?" तिचा मुद्दा मी नाकारत नाही. त्याच किनाऱ्यावर घरटी करणारे छोटे पक्षी कमी झाले, गवताबरोबर किडेही गेले, आणि त्यांच्या वतीने बोलणारं कुणीतरी हवंच होतं. १९९९ चा निर्णय घेणारे लोक क्रूर होते असंही मला म्हणायचं नाही. हातात जे बटण होतं, ते त्यांनी दाबलं. माझी तक्रार बटणाच्या जागेबद्दल आहे. बिघाड इनपुटला, आणि आपण हात घातला आउटपुटला! अरकान्सासच्या भातशेतात किती धान्य सांडतं, मक्याला किती नायट्रोजन लागतो आणि किती वाया जातो, कापणीयंत्र कसं बनवलं म्हणजे कमी सांडेल, हे प्रश्न कुणाचे? ते आपले आहेत. पक्षीशास्त्रज्ञाने ते सोडवावेत अशी अपेक्षा करणं म्हणजे वर्कशॉपमध्ये लेथ बिघडला म्हणून कँटीनवाल्याला बोलावणं.

"पण शेतकऱ्याने धान्य पिकवलं तो काय गुन्हा?" हा तिचा दुसरा मुद्दा. नाही, गुन्हा नाही. त्या नायट्रोजनवर जगातली कितीतरी माणसं जेवतात, त्यात तुम्ही-आम्ही आलो. ट्रॉम्बे आणि थळच्या कारखान्यांत हाच अमोनिया बनतो आणि आपल्या केमिकलच्या मुलांपैकी कुणी ना कुणी पुढच्या वर्षी अशाच एखाद्या प्लांटवर ट्रेनी म्हणून उभा असेल. मी म्हणते एवढंच, की फ्लोशीटचा शेवटचा बाण जिथे 'प्रॉडक्ट' लिहून संपतो, तिथे तो खरा संपत नाही. या गोष्टीत तो हजारो किलोमीटर उत्तरेला जाऊन, तीस-चाळीस वर्षं उशिराने, एका चिखलाच्या पट्ट्यात संपला. इतका डिले असलेली सिस्टिम ज्याला दिसतच नाही, त्याने कंट्रोलर डिझाइन केला तर तो हंटिंग करणारच. (इथे श्लेष आपोआप झाला आहे, मी केलेला नाही.)

आता दुसरी बाजू. या लेखात मला सगळ्यात जास्त जिच्याबद्दल बोलायचं होतं ती हीच.

आर्क्टिकच्या गूजबद्दल लिहिताना 'आक्रमण', 'घुसखोरी' असले शब्द सर्रास येतात, कारण ते नवनवीन जागी घरटी करायला लागले आहेत. बार्नॅकल गूजचंच बघा. त्यांच्या जुन्या वसाहती तीन : ग्रीनलंडचा पूर्व भाग, स्वालबार्ड, आणि रशियाचं नोवाया झेम्ल्या. १९७१ मध्ये एका जोडीने स्वीडनच्या गॉटलंड बेटाजवळ, म्हणजे वाटेतल्याच थांब्यावर, घरटं केलं. आर्क्टिकपर्यंत जाण्याची गरजच वाटली नसावी. पुढे बाल्टिक समुद्रावर हजारो जोड्या झाल्या, नंतर थेट नेदरलँड्समध्ये झाल्या, आणि रशियातही कोल्गुएव बेट, कानिन द्वीपकल्प असं त्यांचं राज्य पसरत गेलं. डच शेतकऱ्यांच्या कुरणांचं नुकसान होतं, त्यांना सरकार भरपाई देतं, ॲमस्टरडॅमच्या विमानतळाभोवती गूज मारावे लागतात. त्रास खरा आहे. विमानांचा धोकाही खरा आहे. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कच्या हडसन नदीत उतरवावं लागलेलं विमान कॅनडा गूजच्या थव्याला धडकलं होतं. (सगळे १५५ जण वाचले, हे एअरक्राफ्ट डिझाइनवाल्यांना पाठ असेल.) त्या पिसांची तपासणी झाली तेव्हा कळलं, की ते शहरातल्या तळ्यावरचे पक्षी नव्हते, लॅब्राडॉरकडून आलेले स्थलांतरित होते. पण घुसखोर म्हणण्याआधी आपण त्यांच्यासाठी खत घातलेली, पाणी दिलेली हिरवीगार कुरणं किती अंथरली, ते तरी मोजू या.

आणि 'फार झाले' म्हणजे नेमके किती? स्वालबार्डचे बार्नॅकल गूज हिवाळ्यात स्कॉटलंडच्या सॉल्वे खाडीवर येतात. १९४८ मध्ये ते जेमतेम तीनशे उरले होते. शिकार थांबवली, राखीव जागा केली, आणि ते चाळीस हजारांच्या आसपास गेले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मग काहींनी कपाळाला आठ्या घातल्या. आणि २०२१-२२ च्या एकाच हिवाळ्यात बर्ड फ्लूने त्यांतले सुमारे एक तृतीयांश पक्षी मेले. एकाच खाडीवर सगळे जमले, तर 'भरपूर' हा आकडा किती पोकळ असतो ते तेव्हा दिसलं. इलेक्ट्रिकलवाले याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतील.

म्हणूनच पिंक-फुटेड गूजची बातमी मला फार आवडली. हे पक्षी स्वालबार्डला घरटी करायचे आणि हिवाळ्यात डेन्मार्क, हॉलंड, बेल्जियमला जायचे. डेन्मार्कच्या येस्पर मॅडसेन यांच्या गटाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलं, की त्यातल्या काहींनी जेमतेम दहा-एक वर्षांत एक नवी वाटच तयार केली आहे. स्वीडन-फिनलंडवरून ते जातात थेट नोवाया झेम्ल्याला, जुन्या घरापासून जवळजवळ हजार किलोमीटरवर. तिथे आता या वाटेचे तीन ते चार हजार पक्षी आहेत. तो प्रदेश अलीकडे तापल्यामुळे तिथे घरटं करणं जमू लागलं. पण वाट दाखवली कुणी? संशोधकांचा अंदाज असा, की मिश्र थव्यांत दुसऱ्या जातीच्या गूजच्या मागे जाऊन काहींनी ती पाहिली, आणि मग आपल्या लोकांना दाखवली. गूजची पिल्लं पहिल्या स्थलांतरात आईवडिलांबरोबर उडतात, वाट अंगात घेऊन जन्मत नाहीत, शिकतात. सीनिअर्सच्या मागून जर्नल उतरवत आपण सबमिशन करतो, तसंच जवळपास. फक्त यांची चूक झाली तर मध्ये बॅरेंट्स समुद्र असतो.

याला मी आक्रमण म्हणणार नाही. पायाखालची जमीन बदलायला लागल्यावर ज्याला हलता येतं तो हललाय.

पण लगेच 'निसर्ग आपलं बघून घेतो' असं म्हणून झोपायला जाऊ नका. तापमान वाढलं म्हणजे गूजची चंगळ, हेही अर्धंच खरं आहे. रशियाकडे जाणारे बार्नॅकल गूज बर्फ लवकर वितळलेल्या वर्षी वाटेतले थांबे टाळून घाईघाईने पोचतात, हे २०१८ मध्ये दाखवलं गेलं. पण पोचले तरी अंगावर पुरेशी चरबी नसते, म्हणून अंडी लगेच घालता येत नाहीत, आधी खावं लागतं. तोवर कोवळ्या गवताचा उत्तम काळ निघून जातो, आणि पिल्लं निघतात तेव्हा ताटात जून पाला. स्वालबार्ड आणि हडसन उपसागरात तर समुद्रावरचं बर्फ आधीच फुटल्यामुळे ध्रुवीय अस्वलं लवकर किनाऱ्यावर येतात आणि घरट्यांतली अंडी फस्त करतात. एका अस्वलाला एका सकाळी किती घरटी पुरतात, याची कल्पना मेसमध्ये शेवटच्या पंगतीला बसणाऱ्यांना चांगली येईल.

आपल्याकडे भिगवणला जे गूज येतात, डोक्यावर काळे पट्टे असलेले, ते आर्क्टिकचे नाहीत. ते तिबेट, लडाख, मंगोलियाकडून येतात. पण आर्क्टिकच्या घरट्यांची एक तार आपल्यापर्यंत येते, ती वेगळ्या वाटेने. सैबेरियाच्या तैमिर द्वीपकल्पात ब्रेंट गूज आणि कर्ल्यू सँडपायपर नावाचे छोटे पाणपक्षी शेजारी शेजारी घरटी करतात. तिथले कोल्हे लेमिंग नावाच्या उंदरांवर जगतात. ज्या वर्षी लेमिंग भरपूर, त्या वर्षी कोल्ह्यांचं लक्ष तिकडे, आणि गूजची पिल्लं वाचतात. ज्या वर्षी लेमिंग पडतात, त्या वर्षी गूजची आणि सँडपायपरची, दोघांचीही घरटी साफ. हेच सँडपायपर हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत, शिवडीच्या चिखलावर येतात. जानेवारीत हार्बर लाइनने शिवडीला उतरलात आणि ओहोटी असली तर बघा. चोच टोकाला खाली वळलेली असते.

सेमिनार मी शेवटी पीएलसीवर दिला आणि मार्क बरे मिळाले. पण विद्यार्थी प्रतिनिधींकडे मी एक अर्ज दिला आहे, तो इथेही मांडते. दुसऱ्या वर्षाला 'पर्यावरण अभ्यास' नावाचा विषय सगळ्यांना सक्तीचा आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्स वाचून आपण तो पास होतो. शिकवणाऱ्यांनाही ते माहीत आहे, आपल्यालाही. त्यातली प्रकल्पाची वही काढून टाकावी आणि प्रत्येक ब्रँचने आपल्या अभ्यासक्रमातलं एकच यंत्र किंवा एकच प्रक्रिया घेऊन तिचा शेवटचा बाण कुठे जातो ते शोधून काढावं. केमिकलने अमोनिया घ्यावा, मेकॅनिकलने कापणीयंत्र. इलेक्ट्रिकलला खाडीवरून जाणाऱ्या तारा आहेतच. वीस मार्क ठेवा, गाइड कुठल्याही ब्रँचचा चालेल. अर्जावर आत्तापर्यंत एकेचाळीस सह्या झाल्या आहेत. लेडीज होस्टेलच्या नोटीस बोर्डाखाली तो लावला आहे, पेन सोबत आणावं, तिथलं कुणीतरी नेलंय.